आढी तापली का?

मे महिन्यात आत्याचा फोन आला की माझी चौकशी ती नंतर करते. आधी विचारते, “आढी तापली का गो?” मग मी फोन कानाशी धरूनच आतल्या खोलीत जाते, पलंगाखाली आंबे पिकायला घातलेत तो पेंढा थोडा बाजूला सारते आणि मनगटापर्यंत हात आत घालते. कोमट लागलं तर कोमट सांगते, गार लागलं तर गार. तेवढ्यावरून तिला पुण्यातल्या माझ्या तीन पेट्यांचं सगळं कळतं. “उद्या सकाळी परतून घे,” म्हणते, नाहीतर “अजून दोन दिवस हात लावू नको त्यांना.” त्यानंतर मग जेवलीस का, पोरांच्या परीक्षा झाल्या का.

पेंढा गावाहूनच येतो, आंब्यांच्याच टेम्पोतून, गोणीत दाबून भरलेला. गोणीचं तोंड सोडलं की खोलीभर कापणीच्या दिवसांतला भाताचा वास पसरतो. आंब्याचा वास यायला तेव्हा अजून आठवडा असतो.

राजापूर तालुक्यात कातळावर आमची शंभरेक कलमं आहेत. जवळजवळ सगळी हापूसची, दोन-चार पायरी. घर जांभ्याचं, कौलारू. माजघराला लागून एक खोली आहे, तिला हातभर रुंदीची एकच खिडकी. घरातली सगळी बाळंतपणं तिथे झाली म्हणून तिचं नाव बाळंतिणीची खोली. माझे वडील तिथे जन्मले, आत्याही. पुढे बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली, पण खोलीचं नाव तेच राहिलं आणि चैत्र-वैशाखात तिथे आंबे निजायला लागले. वारा नाही, ऊन नाही, शेणाने सारवलेली जमीन, आणि भिंती इतक्या जाड की दुपारी बाराला आणि रात्री बाराला आतली हवा जवळजवळ सारखीच. आत्या त्या खोलीत दिवा लावायची नाही. वीज घरात येऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण त्या खोलीतला दिवा मी आढीच्या दिवसांत लागलेला पाहिला नाही. “उजेडात डोळे फसवतात,” ती म्हणायची, “पिवळा दिसला म्हणजे पिकला असं नसतं.”

आढी घालणं म्हणजे पेंढ्यात आंबे पुरून ठेवणं, असं पुष्कळांना वाटतं. त्यात पुरण्यासारखं काही नाही. आधी पेंढा दोन दिवस अंगणात उन्हात टाकायचा. मूठभर घेऊन पिळला की काडी मोडल्याचा आवाज आला पाहिजे, इतका कडकडीत. दमट पेंढ्यात आंब्याआधी बुरशी पिकते. झाडावरून उतरवलेले आंबेही त्याच दिवशी आढीत जात नाहीत. ते रात्रभर पडवीत पसरून राहतात. “उन्हाचा ताप उतरू दे त्यांचा,” असं आत्या म्हणते. दुसऱ्या दिवशी सकाळी चार बोटं जाडीचा पेंढ्याचा थर, त्यावर एकेक आंबा आडवा, ह्याचा देठ शेजारच्याच्या सालीला टोचणार नाही इतक्या अंतराने. वर पेंढ्याचा पातळ पदर, मग दुसरा थर. तिसरा थर आमच्याकडे घालत नाहीत. आम्ही पोरं करंडीतून आंबे काढून आत्याच्या हातात द्यायचो, आणि तेही बोटांनी धरून नाही, तळव्यावर ठेवून. बोटाने दाबलेली जागा त्या दिवशी दिसत नाही. आठ दिवसांनी दिसते, बरोबर बोटाएवढी, तपकिरी.

तोडलेलं फळ मेलेलं नसतं, ही गोष्ट मला शाळेच्या पुस्तकाआधी त्या खोलीत कळली. आंबा झाडावरून उतरला तरी श्वास घेत राहतो. प्राणवायू आत घेतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो, थोडं पाणी गमावतो, आणि त्या सगळ्यातून ऊब तयार होते. आढीत हात घातल्यावर जी कोमट लागते ती पेंढ्याची ऊब नव्हे, आंब्यांची आहे. कच्च्या आंब्यांची आढी गार असते. चौथ्या-पाचव्या दिवशी ती हळूहळू तापायला लागते, कारण पिकायला लागलेला आंबा आधीपेक्षा जोरात श्वास घेतो. आत्या ज्याला ‘आढी तापली’ म्हणते ते नेमकं हेच.

आणि पिकता पिकता आंबा एक वायूही सोडतो, इथिलीन. रशियात सेंट पीटर्सबर्गला नेल्जुबोव्ह नावाच्या शास्त्रज्ञाने १९०१ साली दाखवून दिलं, की दिव्यांत जाळायच्या गॅसमुळे वाटाण्याची रोपं वेडीवाकडी वाढतात त्याला त्या गॅसमधलं इथिलीन कारण आहे. झाडं स्वतःच हा वायू बनवतात हे ठरायला मात्र १९३४ साल उजाडलं. इंग्लंडमध्ये गेन यांनी पिकत्या सफरचंदांमधून तो पकडून दाखवला. माझ्या पणजीला यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण पेंढा पातळ घातला तर आंबे पिकायला उशीर होतो, कोंडून घातला तर नासतात, आणि मधला एक बेताचा पदर असतो ज्यात तो वायू जेवढा हवा तेवढाच आंब्यांभोवती रेंगाळतो, हे तिच्या हाताला कळलेलं होतं. एक आंबा पिकायला लागला की तो शेजारच्याला उठवतो, शेजारचा पुढच्याला. म्हणून तर आढी एकदा घालून विसरायची नसते. चौथ्या दिवसापासून ती रोज परतायची. जे पुढे गेले ते वेगळे काढायचे, जे मागे आहेत ते परत निजवायचे.

द्राक्षाला अशी आढी नसते. द्राक्ष, डाळिंब, संत्रं, स्ट्रॉबेरी ही फळं तोडली त्या क्षणी जेवढी गोड असतात तेवढीच राहतात, पुढे फक्त शिळी होतात. त्यांना गार ठेवणं हाच मार्ग. आंबा, केळं, चिकू, सीताफळ, फणस यांचं अर्धं आयुष्य झाडावर आणि अर्धं घरात. त्यांना थांबवायचं नसतं, सोबत करायची असते. म्हणूनच कच्चा हापूस फ्रिजमध्ये ठेवलेला पाहिला की मला वाईट वाटतं. साधारण तेरा अंशांच्या खाली कच्च्या आंब्याला थंडी बाधते. साल राखाडी होते, डाग पडतात, आणि नंतर बाहेर काढून कितीही दिवस ठेवला तरी तो नीट पिकत नाही. घरातला फ्रिज चार-पाच अंशांवर चालतो. पूर्ण पिकलेला आंबा दोन-चार दिवस तिथे ठेवायला हरकत नाही, कच्चा मात्र नको.

पण आढीत कितीही जीव ओतला तरी आंब्याचं बरंचसं त्याआधी, झाडावरच ठरलेलं असतं. आमच्याकडे अजून आंबा आण्यांत मोजतात. रुपया चलनात दशमान झाला त्याला साठ वर्षं उलटून गेली, तरी गडी शेंड्यावरून ओरडून सांगतो, “हे चौदा आणे आहेत, काढू?” चौदा आणे म्हणजे पंचाऐंशी टक्क्यांच्या आसपास तयार. देठाच्या दोन्ही अंगांचे खांदे भरून वर आलेले, देठाच्या बुडाशी खळगा पडलेला, गडद हिरवा रंग किंचित फिकटलेला. शंका आली तर बादलीत टाकून बघतात. तयार आंबा पाण्यात बुडतो, कोवळा तरंगतो. बारा आण्यांचा काढला तर पिकतो पण चव येत नाही, आणि सोळा आणे होऊ दिला तर साक्याची भीती. साका म्हणजे गराच्या आत तयार होणारा पांढरट, स्पंजासारखा, आंबट भाग. बाहेरून आंबा देखणा असतो, कापल्यावर कळतं. तापलेल्या जमिनीची झळ साक्याला कारण होते, म्हणून काढलेले आंबे उघड्या कातळावर क्षणभरही ठेवायचे नाहीत, सरळ सावलीत. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून रत्ना ही जात काढली, तिच्यात साका होत नाही. आमच्याकडे रत्नाची चार कलमं आहेत. आत्या तो आंबा आवडीने खाते, पण हापूसच्या आढीत घालत नाही.

देठाबद्दल ती फार कडक होती. देठ बोटाच्या एका पेराएवढा राहिलाच पाहिजे. पूर्वी झेल्याने, म्हणजे काठीला लावलेल्या जाळीने, आंबा ओढून काढायचे, त्यात देठ मुळापासून निसटायचा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने पातं लावलेला नूतन झेला आणला आणि देठासकट आंबा कापून जाळीत पडायला लागला. तो घरात आला तेव्हा आत्याने त्याच्या पात्यावरून बोट फिरवून बघितलं होतं आणि “हे बरं झालं” एवढंच म्हणाली होती. देठ तुटला की चीक उडतो. तो सालीवर ओघळला की जिथे जिथे लागला तिथे साल भाजते, काळे ओरखडे उठतात. माणसाच्या ओठांनाही तो भाजतो. खाण्याआधी आंबे बादलीभर पाण्यात बुडवून ठेवायची आपली रीत त्यासाठीच आहे.

पण चीक आत असतो तोवर तो आंब्याचा राखणदार असतो. कैरीच्या सालीत आणि चिकात अशी काही द्रव्यं असतात की बुरशीला तिथे पाय रोवता येत नाहीत. करप्याची बुरशी तर मोहोराच्या, सुपारीएवढ्या फळाच्या दिवसांतच सालीत शिरून बसलेली असते. काही करत नाही. गप्प राहते. आंबा पिकायला लागतो तशी ती द्रव्यं ओसरतात, गर गोड होतो, आणि मग ती जागी होते. पिकल्यावर अचानक उमटणारे काळे ठिपके अचानक आलेले नसतात. जानेवारी-फेब्रुवारीत पाऊस किंवा मळभ झालं असेल तर मे महिन्यात त्याचा हिशोब चुकवावा लागतो. देठाच्या ताज्या जखमेतून शिरणारी देठकूज निराळी. ती देठापासून खाली काळी पडत उतरते आणि दोन-तीन दिवसांत अख्खा आंबा पाणी करून टाकते. पेरभर देठ ठेवला की तिचं दार बंद राहतं. इतकी साधी गोष्ट आहे, आणि बाजारातल्या निम्म्या आंब्यांना देठ नसतो.

लग्न होऊन पुण्यात आले त्या वर्षी गावचे आंबे यायला उशीर होता, म्हणून मी बाजारातून एक पेटी घेतली. एका मापाचे, एका रंगाचे, झळझळीत पिवळे बारा आंबे. वास मात्र नाही. कापला तर आत पांढुरका, आंबट, कोयीपाशी कडक. पेटीच्या तळाशी कागदाची एक पुडी सापडली, आत राखाडी भुकटी. कार्बाइड. मी ती पुडी हातात धरून बराच वेळ बसले होते. सासूबाई म्हणाल्या, “टाकून दे, आणि हात धू.” कॅल्शियम कार्बाइडला हवेतला दमटपणा लागला की ॲसिटिलीन वायू निघतो. तो इथिलीनचं सोंग घेऊन आंब्याला पिवळा करतो. त्या भुकटीत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. आपल्याकडे फळं पिकवायला ती वापरायला कायद्याने बंदी आहे. आंबे खाणाऱ्याला अपाय आहेच, पण ती पुडी रोज हाताने बांधणाऱ्या, पेटीत ठेवणाऱ्या माणसाचं काय होत असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

कार्बाइडने फसवणूक होते ती मुख्यतः झाडावर. दहा आण्यांचा आंबा मार्चमध्ये चढ्या भावाने विकायचा, तर त्याला कुणीतरी पिवळं करून द्यावं लागतं. ज्या आंब्यात पुरेसं पीठच, म्हणजे स्टार्च, साठलेलं नाही, त्याची साखर कुठून होणार? इथिलीनच्या पिकवण खोल्यांना माझी हरकत नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने दहा लाखांत शंभर भागांपर्यंत इथिलीन वापरायला परवानगी दिली आहे. तो आंबा स्वतः सोडतो तोच वायू आहे. लाखो पेट्या काही बाळंतिणीच्या खोलीत मावणार नाहीत. मात्र ‘नैसर्गिकरीत्या पिकवलेला’ हे शब्द आता प्रत्येक खोक्यावर छापलेले असतात, आणि ते वाचून मला विचारावंसं वाटतं, की हा चौदा आणे होता का, आणि पाचव्या दिवशी ह्याला कुणी परतला का?

आता २०२१ सालचं लिहिते. ते लिहायचं टाळत आले होते.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत ऑफिसचं काम घरून होतं, म्हणून मी मार्चपासून गावीच होते. १४ मेला अक्षय्य तृतीया झाली. १६ मेला, रविवारी, तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावरून वर सरकलं. घरात आठ माणसं होती, सगळी माजघरात. कौलं उडाल्याचे आवाज येत होते, आणि त्या आवाजाखाली दुसरा एक आवाज, सतत, दणदण, बागेकडून. आंबे पडत होते. आत्या देवापुढे बसली होती आणि काहीही बोलत नव्हती.

सकाळी बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. कलमांच्या खाली हिरवागार सडा. बहुतेकांचे देठ मुळापासून तुटलेले, चीक ओघळून त्यावर तांबडी माती चिकटलेली, कुठे फांदीचा ओरखडा, कुठे कातळावर आपटल्याची चीर. तरी उचलून हातात घेतले तर कितीतरी बाहेरून धड दिसत होते. आत्या म्हणाली, “पडलेला आंबा आढीत जात नाही.” मी ऐकलं नाही. साठ-सत्तर डझन आंबे, वर्षाची मेहनत, मुंबईला गाडी कधी सुटेल याचा पत्ता नाही. मीच हट्ट धरला, की धड दिसतात ते निवडून आढीत घालूया. दादाही माझ्या बाजूने झाला. वादळाच्या आधी काढलेले वीसेक डझन चांगले आंबे त्या खोलीत होतेच. त्यांच्या शेजारी आम्ही हे घातले, जागा पुरेना म्हणून तीन थरांत. पेंढाही त्या दिवशी पुरेसा कडक नव्हता, घरातलं सगळंच ओलसर होतं. आत्याने एकदाही अडवलं नाही. आंबे मात्र आमच्या हातून घेतले नाहीत.

वीज गेलेली होती ती आली नाही. तिसऱ्या रात्री मी झोपेतून उठले ती वासाने. पिकल्याचा वास नव्हता, आंबूस, गुळाच्या पाकाला कड आल्यासारखा. आत्या आधीच त्या खोलीत होती, अंधारात. तिने माझा हात धरून पेंढ्यात घातला. गरम होता. कोमट नाही, ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखा गरम. आणि बोटांना ओलं लागलं.

बॅटरीच्या उजेडात आम्ही पहाटेपर्यंत आढी उपसली. आपटलेल्या जागा आतून तपकिरी झालेल्या, देठाची बाजू काळी, काहींमधून पाणी सुटलेलं. मार लागलेलं फळ जास्त इथिलीन सोडतं आणि जास्त जोरात श्वास घेतं, हे मी नंतर वाचलं. तीन थरांत ती ऊब बाहेर पडायला वाट नव्हती. बागेत पडलेले आंबे तर नासलेच, वादळाआधीचे देठासकट काढलेले, डाग नसलेले आंबेही अवेळी मऊ पडले होते, साल हिरवी आणि गर ढिला. नासका आंबा आढी नासवतो, ही म्हण मी निबंधात वापरली होती, माणसांबद्दल. त्या रात्री ती जशीच्या तशी, अक्षरशः, माझ्या दोन्ही हातांना लागली होती. वीसपैकी पाच डझन वाचले असतील.

बागेत अजून पडून होते त्यांतले कच्चे, कडक तेवढे आत्याने दुसऱ्या दिवशी वेचून घेतले. धुतले, पुसले, मोठ्या बरण्यांत मिठाच्या पाण्यात बुडवले, वर दगड ठेवला. ऊन पडलं तशा कैऱ्यांच्या फोडी आंबोशीसाठी अंगणात गेल्या. पडलेल्या फळाला जो मार्ग आहे तो मिठाचा आणि उन्हाचा. कोकमांचंही आम्ही तेच करतो. सोलं मीठ घातलेल्या त्यांच्याच रसात पुन्हा पुन्हा भिजवायची आणि पुन्हा पुन्हा वाळवायची, काळी होईपर्यंत. हे सगळं तिने मला आधीच, बागेतच, पाच शब्दांत सांगितलं होतं.

दुसऱ्या वर्षी दादाने एक नवी गोष्ट केली. करप्याची बुरशी सालीच्या वरच्या पदरात असते, आणि साधारण ५२ अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं आंबा ठेवला तर ती बरीचशी मरते, आंब्याला इजा होत नाही. औषध नाही, भुकटी नाही, नुसतं पाणी. दादाने थर्मामीटर आणलं, चुलीवर तांब्याचा हंडा चढवला. अवघड भाग पाणी तापवण्याचा नाही, ते ५२ वर टिकवण्याचा आहे. आंबे सोडले की पारा खाली येतो, लाकूड सारलं की वर पळतो. पंचावन्नच्या पुढे गेलं तर साल भाजते. आत्या शेजारी पाटावर बसून होती. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपासून थर्मामीटर बघायच्या आधीच ती सांगायला लागली, “लाकूड ओढ मागे.” तिने पाण्यावर फक्त हात धरला होता. मग आंबे सावलीत, धोतराच्या जुन्या पानावर, एकेक सुटा वाळवायचा. ओला आंबा आढीत जाता कामा नये. त्या वर्षी ठिपके आले नाहीत असं नाही, पण कमी आले, आणि आढी संपता संपता फेकायचे आंबे एका करंडीत मावले. तेव्हापासून आमच्याकडे ते पाणी ठरून गेलं आहे.

सांगोल्याला माझे मामा आहेत, त्यांची डाळिंबाची बाग. त्यांच्याकडे विटांची एक हौदासारखी पेटी आहे. विटांच्या दोन भिंती, मधल्या चार बोटं फटीत नदीची वाळू, दिवसातून दोनदा वाळूवर पाणी शिंपडायचं, वर गवताचं झाकण. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने काढलेली ही रचना, विजेशिवाय चालणारा शीतकक्ष. बाहेर चाळीस अंश असताना आत हात घातला तर माठाच्या पोटात हात घातल्यासारखं वाटतं. मला ती इतकी आवडली की दादाला म्हटलं, आपणही बांधू. त्याने बांधलीसुद्धा, छोटी. राजापूरच्या मे महिन्यात ती काही केल्या गार होईना. आमच्या हवेतच इतकं पाणी आहे की वाळूतलं पाणी उडून जायलाच तयार नाही, आणि पाणी उडाल्याशिवाय गारवा कुठला? सांगोल्याच्या कोरड्या वाऱ्यात जे जमतं ते समुद्राच्या वाऱ्यात जमत नाही. नैसर्गिक म्हणून जे जे सांगितलं जातं ते कुठल्या गावचं आहे, हे आधी विचारायला मी तेव्हापासून शिकले. त्या पेटीत आता काकू आलं लावते.

आत्याला आता दिसत नाही. काचबिंदूने आधी कडांनी अंधार आला, मग मधेही. ऐंशी पार केली तिने. गेली दोन वर्षं आढी दादा आणि वहिनी घालतात, आणि आत्या पडवीत बसून पेंढ्याच्या आवाजावरून तो वाळला की नाही ते सांगते.

या वर्षी मी मेच्या पहिल्या आठवड्यात चार दिवस गेले होते. आढीचा सहावा दिवस होता. वहिनी परतायला बसली, तिला त्या खोलीत दिवा लागतो. तिने दिवा लावला आणि निवडायला सुरुवात केली, पिवळे एकीकडे, हिरवे एकीकडे. आत्या भिंतीला हात लावत लावत आली, उंबऱ्यावर थांबली, “सरक जरा” म्हणाली आणि खाली बसली. पिवळ्यांच्या ढिगातला एक उचलला. देठापाशी नाकाला लावला, मग खांद्यावरून अंगठा फिरवला, दाबला नाही, नुसता फिरवला. “हा परवा,” म्हणून बाजूला ठेवला. हिरव्यातला एक घेतला. तसंच केलं. “हा आज खा, उद्या राहणार नाही.” वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी तो आंबा स्वयंपाकघरात नेऊन कापला. साल अजून अर्धी हिरवी होती, आणि आत केशरी.

परत आले तेव्हा वहिनीने दिवा बंद केला होता. अंधारात आत्याचा आवाज येत होता, “तुझ्या डाव्या हाताला उद्याचे ठेव, उजव्या हाताला परवाचे. आणि हा घे, याचा देठ ओला लागतोय, याला बाहेर ने.”